आमवात असताना सांध्याचा टीबी निघाला, तर आमवाताच्या औषधांचं काय करायचं?

शेवंती

नमस्कार. आईला गेली बरीच वर्षं आमवात आहे. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. सुरुवातीला मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) होतं, पुढे तेवढ्यावर भागेना म्हणून अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शनं सुरू झाली. हात, मनगटं, पावलं छान आटोक्यात आली. उजवा गुडघा मात्र उतरायचं नाव घेईना. रात्रीचा ठणका, संध्याकाळी अंगात कणकण, वजनही उतरलेलं. शेवटी गुडघ्यातलं पाणी काढलं, आतल्या अस्तराचा तुकडा तपासला आणि टीबी निघाला.

चार औषधांचा टीबीचा कोर्स सुरू झालाय. अ‍ॅडालिमुमॅब आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही बंद. एचसीक्यू आणि ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड तेवढं चालू आहे. गुडघ्याचा ठणका ओसरतोय, पण बोटांचे सांधे परत सुजायला लागलेत. सकाळी उठल्यावर दोन तास मूठ वळत नाही. टीबीचे डॉक्टर म्हणतात, आमवाताचं नंतर बघू. आमवाताचे डॉक्टर म्हणतात, टीबीवाल्यांचा होकार आला की बघू. या मधल्या काळात आईचे हात वाकडे व्हायला नकोत, एवढीच काळजी आहे. हे दोन्ही आजार एकत्र हाताळलेले किंवा भोगलेले कुणी असाल तर सविस्तर लिहा.

संधिवैद्य

शेवंतीताई, क्रम बरोबर आहे. दोन्ही एकत्र असले की टीबी आधी. पण त्या काळात आमवात बिनऔषधाचा ठेवायची गरज नसते, आणि ठेवूही नये. टीबी एका गुडघ्यात बसलाय, आमवात सगळ्या लहान सांध्यांत आहे. सांध्याच्या टीबीचा कोर्स बहुधा ९ ते १२ महिने चालतो, काहींना त्याहून जास्त लागतो. इतका काळ सूज तशीच राहिली तर बोटांची हाडं झिजतात आणि ती झीज भरून येत नाही.

आता इंजेक्शन का थांबवावं लागलं ते सांगतो, कारण हे कळलं की पुढची निवड आपोआप कळते. टीबीचे जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. प्रतिकारपेशी त्यांच्याभोवती गोळा होऊन एक तटबंदी उभी करतात, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ही तटबंदी टिकून राहते ती टीएनएफ नावाच्या रसायनामुळे. आमवातात सांध्याच्या अस्तराला सूज आणणाराही हाच टीएनएफ. अ‍ॅडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब ही औषधं त्याला अडवतात. सांधे सुटतात, पण तटबंदीही ढासळते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या औषध नियामक संस्थेकडे आलेल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, तेव्हा हे जगापुढे आलं. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० जणांना टीबी झाला होता. निम्म्या रुग्णांत तो औषध सुरू केल्यापासून १२ आठवड्यांच्या आतच दिसला होता. त्यातल्या ४० जणांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता. आईंच्या गुडघ्यात टीबी निघणं या चित्राशी जुळतं.

सगळी टीएनएफरोधक औषधं सारखी धोक्याची नाहीत. ब्रिटनमधल्या आमवाताच्या रुग्णनोंदणीतून २०१० मध्ये आलेले आकडे असे: दर १ लाख रुग्णवर्षांमागे टीबीचं प्रमाण अ‍ॅडालिमुमॅबवर १४४, इन्फ्लिक्सिमॅबवर १३६ आणि इटॅनरसेप्टवर ३९. पण टीबी प्रत्यक्ष चालू असताना यातलं कोणतंही देत नाहीत.

मेथोट्रेक्सेट बंद करण्यामागचं कारण वेगळं आहे. आठवड्याला घेतल्या जाणाऱ्या कमी मात्रेत ते टीबीला फारसं बळ देत नाही. अडचण यकृताची असते. टीबीच्या चार औषधांतली आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. त्यात मेथोट्रेक्सेटची भर पडली आणि काही बिघडलं, तर नेमकं कुणामुळे हे शोधताना टीबीची औषधं थांबवावी लागतात, आणि ते सगळ्यात वाईट. लेफ्लुनोमाइड या आमवाताच्या दुसऱ्या औषधाचंही तसंच, किंबहुना जास्तच.

उरतं काय, तर एचसीक्यू, सल्फासॅलाझिन आणि स्टिरॉइडची लहान मात्रा. पहिली दोन तटबंदीला हात लावत नाहीत. आईंना सल्फासॅलाझिन चालेल का, हे तुमच्या आमवाताच्या डॉक्टरांना जरूर विचारा. ५०० मिग्रॅपासून सुरू करून दर आठवड्याला वाढवत साधारण २ ग्रॅमपर्यंत नेतात आणि परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. म्हणून ते लवकर ठरवलेलं बरं. मात्र टीबीची औषधं सुरू होतात त्याच आठवड्यात ते शक्यतो सुरू करू नये. अंगावर पुरळ उठलं तर कोणत्या गोळीने उठलं ते कळत नाही. पहिले काही आठवडे निभावले, यकृताचा रिपोर्ट नीट आला, की मग.

औषधपेटी

मी औषधशास्त्रातली आहे. प्रेडनिसोलोनबद्दल लिहिते, कारण तुमच्या वर्णनात खरी गोम तिथेच दिसते.

रिफॅम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वेगात कामाला लावतं. त्यामुळे पोटात गेलेलं प्रेडनिसोलोन भराभर मोडलं जातं आणि रक्तातला परिणाम अर्ध्यावर, कधी त्याहूनही खाली येतो. आई ५ मिग्रॅ घेतायत, पण शरीराला मिळतंय जेमतेम २ ते २.५. बोटं सुजण्यामागे इंजेक्शन बंद झालं हे एक कारण आहेच, पण न बदललेली गोळी आतल्या आत निम्मी झाली हे दुसरं. पुष्कळदा डॉक्टर रिफॅम्पिसिन चालू असेपर्यंत स्टिरॉइडची मात्रा दुपटीच्या आसपास नेतात. ती स्वतःहून वाढवू नका, पण ही शंका नक्की बोलून दाखवा. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणाऱ्या माणसात एकदम मात्रा घटली तर नुसते सांधे दुखत नाहीत. प्रचंड थकवा, रक्तदाब उतरणं, उलट्या, चक्कर असंही होऊ शकतं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

याची दुसरी बाजू शेवटी येते. रिफॅम्पिसिन थांबल्यावर साधारण दोन आठवड्यांत एन्झाइम्स पूर्वपदावर येतात. तेव्हा वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर ती जास्त पडते, म्हणजे साखर, रक्तदाब, हाडं सगळ्यांवर परिणाम. कोर्स संपायची तारीख आमवाताच्या डॉक्टरांना आधी कळलेली असावी.

हाच न्याय इतरांना. एटोरिकॉक्सिबचा परिणाम रिफॅम्पिसिनमुळे सुमारे ६५ टक्क्यांनी घटतो, म्हणून 'नेहमीची दुखण्याची गोळी लागू पडत नाही' अशी तक्रार येते. आमवाताचं टोफासिटिनिब ८४ टक्क्यांनी घटतं, म्हणजे ते घेऊन न घेतल्यासारखंच. लेफ्लुनोमाइडचं उलट आहे, त्याच्या सक्रिय घटकाची रक्तातली कमाल पातळी ४० टक्क्यांनी चढते. ते शरीरात फार रेंगाळतंही, त्यामुळे लवकर बाहेर काढायचं झालं तर कोलेस्टिरामाइनची पावडर ११ दिवस द्यावी लागते.

तरुण बायकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण हे सांगायचं हटकून राहून जातं. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होतात. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत. यातलं काहीही चालू असेल किंवा नुकतंच बंद झालं असेल, तर गोळ्यांवर विसंबू नका. दुसरा उपाय आधी ठरवून घ्या.

शेवंती

औषधपेटी, हे आम्हाला माहीतच नव्हतं. उद्याच दोन्हीकडे बोलते. आणखी एक. ताज्या रिपोर्टमध्ये यूरिक अ‍ॅसिड वाढलेलं आलंय आणि खांदे दुखतायत. खांद्यांना आमवाताचा त्रास तिला आजवर नव्हता. ही आमवाताची नवी उचल समजायची का?

औषधपेटी

पायराझिनामाइड. ते मूत्रपिंडातून यूरिक अ‍ॅसिड बाहेर पडू देत नाही, म्हणून ते घेणाऱ्या बहुतेकांचं यूरिक अ‍ॅसिड वाढतं आणि अनेकांचे सांधे दुखतात, खांद्यांसारखे मोठेही. सूज नसेल, नुसतं दुखत असेल, तर बहुधा साध्या वेदनाशामकावर भागतं आणि पहिले दोन महिने संपून पायराझिनामाइड थांबलं की उतरतं. यूरिक अ‍ॅसिडचा आकडा वाढला एवढ्यावरून टीबीचं औषध बंद करायचं नसतं. याला आमवाताची उचल समजून स्टिरॉइड वाढवणं हे मला सर्वांत टाळण्याजोगं वाटतं. हाताने चाचपून सांधा गरम आणि फुगलेला लागतोय का, हे डॉक्टरांनी स्वतः बघायला हवं.

आयसोनियाझिडबरोबर बी-६ जीवनसत्त्वाची गोळी, रोज १० ते २५ मिग्रॅ, आहे ना? ती नसेल तर पायांना मुंग्या येऊ शकतात आणि आमवातातही नसा दुखावतात, त्यामुळे तेही आमवाताच्या खात्यात जमा होतं.

अस्थिबंध

हाडांचा डॉक्टर आहे. हा धागा पुढे ज्यांना शोधताना सापडेल, त्यांच्यासाठी निदानाचं लिहितो. औषधांचा सगळा गुंता निदानाला उशीर झाल्यावर वाढतो.

आमवात जोडीजोडीने चालतो. दोन्ही मनगटं, दोन्ही हातांची बोटं, दोन्ही पावलं. औषध लागू पडलं की सगळेच सांधे कमीजास्त उतरतात. त्यातला एकच सांधा हट्टाने सुजलेला राहिला, बाकीच्यांशी त्याचं जमत नसलं, तर त्याला आमवाताचा सांधा म्हणून सोडू नये. मेथोट्रेक्सेट वाढवण्याआधी, नवं इंजेक्शन सुरू करण्याआधी आणि त्या सांध्यात स्टिरॉइडची सुई टोचण्याआधी त्यातलं पाणी काढून तपासायला पाठवावं. माझं हे मत ठाम आहे. सांध्यात टीबी असताना आत स्टिरॉइड गेलं तर काही आठवडे सूज ओसरते, सगळ्यांना हायसं वाटतं आणि त्या अवधीत कूर्चा खाल्ली जाते.

नुसत्या पाण्यातही फसगत होते. स्लाइडवर जंतू दिसणं विरळाच, कारण सांध्याच्या टीबीत जंतूंची संख्या कमी असते. सीबीनॅट चाचणी दोनेक तासांत उत्तर देते आणि रिफॅम्पिसिनला जंतू दाद देतो का तेही सांगते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं होत नाही. कल्चरला, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायला, ६ ते ८ आठवडे लागू शकतात. सर्वांत भरवशाचं म्हणजे अस्तराचा तुकडा: त्याचा एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली, एक भाग कल्चरला, एक भाग सीबीनॅटला. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की जंतू मरतात आणि कल्चर गेलं. शस्त्रक्रियेच्या आधीच हे बोलून ठेवावं लागतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत ग्रॅन्युलोमा नीट बनतही नाहीत, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाचा रिपोर्ट मोघम आला तरी कल्चरची वाट बघावी.

एक्स-रेवरही दोन्ही आजार एकमेकांसारखे दिसतात. सांध्यालगतचं हाड विरळ, कडांना कुरतडल्यासारखं. फरक असा की टीबीत दोन हाडांमधली फट बराच काळ शाबूत राहते आणि सावकाश कमी होते; आमवातात ती तुलनेने लवकर आणि सगळीकडून सारखी घटते. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सांध्याच्या टीबीच्या कित्येक रुग्णांत फुप्फुसात काहीच दिसत नाही.

आणि पाठ. आमवात मानेच्या वरच्या मणक्यांना धरतो, कंबरेच्या मणक्यांना सहसा नाही. हाडांच्या टीबीतले जवळपास निम्मे रुग्ण मात्र मणक्याचेच असतात. आमवाताच्या रुग्णाची कंबर किंवा पाठ नव्याने दुखायला लागली, रात्री जास्त दुखते, बारीक ताप येतो, तर एमआरआय करून घ्या. स्टिरॉइडमुळे मणका पिचलेला असू शकतो, टीबीही असू शकतो. पाय जड पडणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं दिसलं तर एक रात्रही थांबायचं नाही.

संधिवैद्य

अस्थिबंध यांच्याशी पूर्ण सहमत. उलट दिशेची चूकही घडते, तीही सांगतो. टीबी शरीरात दुसरीकडे असताना, समजा मानेच्या गाठीत, तर काही रुग्णांचे अनेक सांधे एकदम सुजतात. त्या सांध्यांत जंतू नसतात. अँतोनँ पोंसे या फ्रेंच शल्यविशारदाने १८९७ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला पोंसेचा आजार म्हणतात. सक्रिय टीबीत आरए फॅक्टर आणि काही वेळा अँटी-सीसीपीसुद्धा पॉझिटिव्ह येतं. रक्ताच्या त्या एका रिपोर्टवर आमवात ठरवला आणि मेथोट्रेक्सेट, स्टिरॉइड सुरू केलं, तर बिनउपचारांचा टीबी फोफावू शकतो. पोंसेच्या आजारात टीबीची औषधं सुरू केली की सांधे काही आठवडे-महिन्यांत पूर्ण बरे होतात, हाडं कुरतडली जात नाहीत. शेवंतीताईंच्या आईंचं तसं नाही, त्यांचा आमवात जुना आणि पक्का आहे.

वाटसरू

मला मनगटाचा टीबी झाला होता, आमवात त्याच्याही आधीपासूनचा. कोर्स पूर्ण झालाय, मनगट थोडं कमी वाकतं, बाकी ठीक. डॉक्टरांनी वर लिहिलंय त्यात रुग्णाच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

यकृताची तपासणी. मला पहिले दोन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर महिन्याला एलएफटी करायला सांगितलं होतं. मध्येच भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद दिसायला लागली. एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीच्या वर गेलं होतं. सगळी टीबीची औषधं थांबवली, आकडे खाली आल्यावर एकेक करून परत सुरू केली. मला तेव्हा समजावून दिलेला नियम असा होता: त्रास होत असेल आणि एसजीपीटी तिपटीच्या वर, किंवा काहीच त्रास नाही पण पाचपट, किंवा कावीळ दिसली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. टीबीच्या चार औषधांतलं एथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेवर परिणाम करू शकतं, एचसीक्यू दीर्घकाळात पडद्यावर. दोन्ही चालू असताना सुरुवातीलाच डोळे तपासून ठेवले होते, रंग ओळखण्याची चाचणीसुद्धा. घरी महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून वाचून बघायचो. लाल-हिरवा रंग फिका वाटला किंवा अक्षरं धूसर झाली तर एथॅम्ब्युटॉल लगेच थांबवावं लागतं. वेळीच थांबवलं तर नजर बहुधा परत येते.

शेवंतीताई, आईंचा सकाळचा आखडलेपणा रोज वहीत लिहा. किती वेळ मूठ वळत नाही, कोणता सांधा, ताप किती. माझ्या दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं त्या वहीतूनच झालं. एकाने लिहिलेलं दुसरा वाचायचा आणि खाली आपलं लिहायचा.

पारिजात

माझ्या भावाला आमवातासाठी बायोलॉजिक, म्हणजे शेवंतीताईंच्या आईंना होतं तसलं इंजेक्शन, सुरू करायचं ठरतंय. त्याची टीबीची त्वचेवरची चाचणी निगेटिव्ह आहे. मग निश्चिंत राहायचं ना?

श्वासमार्ग

छातीच्या आजारांचा डॉक्टर. पारिजात, नाही. भाऊ आधीपासून स्टिरॉइड घेत असेल, विशेषतः रोज १५ मिग्रॅ किंवा जास्त आणि महिनाभर किंवा अधिक, तर जंतू असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणूनच अशा रुग्णांत ५ मिमीचा फुगवटाही पॉझिटिव्ह धरतात. इग्रा ही रक्ताची चाचणी, छातीचा एक्स-रे, घरात कुणाला टीबी झाला होता का, आणि एकेका सांध्याची तपासणी, असं सगळं मिळून ठरवायचं. त्वचेवरची चाचणी आणि इग्रा या दोन्ही सुप्त टीबी आणि सक्रिय टीबी यांत फरक करत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

सुप्त टीबी निघाला तर प्रतिबंधक औषध देतात. रोज आयसोनियाझिड ६ ते ९ महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ आठवडे. त्यातला किमान एक महिना झाल्यावर बायोलॉजिक सुरू करता येतं. पण हे देण्याआधी सक्रिय टीबी नाही याची खात्री झालेलीच हवी. एखाद्या सांध्यात टीबी लपलेला असताना एकटं आयसोनियाझिड दिलं तर जंतू त्याला सरावतात.

आता शेवंतीताईंच्या मूळ प्रश्नाबद्दल. बायोलॉजिक परत केव्हा? यावर मार्गदर्शक तत्त्वांत पूर्ण एकवाक्यता नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१२ मध्ये सक्रिय टीबीचा कोर्स पूर्ण झाल्यावरच असं म्हटलं. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २००५ मध्ये शक्यतो कोर्स पूर्ण करा असं सांगून, फारच गरज असेल तर पूर्ण उपचारांचे किमान दोन महिने झालेले असावेत आणि जंतू औषधांना दाद देतो हे सिद्ध झालेलं असावं, अशी मुभा ठेवली. माझा कल दोन महिन्यांनी सुरू करण्याकडे असतो, जर आमवात खरोखर अनावर असेल आणि कल्चरचा रिपोर्ट हातात असेल.

संधिवैद्य

फुप्फुसाच्या टीबीत मी तुमच्याशी सहमत होईन. सांध्याच्या टीबीत नाही. फुप्फुसात थुंकी निगेटिव्ह झाली की औषध काम करतंय हे कळतं. गुडघ्यातून पुन्हा पुन्हा तुकडा काढून बघता येत नाही, आणि ईएसआर-सीआरपी हे रक्तातले सुजेचे आकडे तर आमवातानेही वाढतात. म्हणजे दोन महिन्यांनी जंतू किती उरलेत हे सांगणारं मोजमापच नाही. शिवाय अडला हरी म्हणून टीएनएफरोधकाकडेच जायची आता गरज उरलेली नाही. टीएनएफला हात न लावणाऱ्या बायोलॉजिकपैकी रितुक्सिमॅबने टीबी वाढल्याचं दिसलेलं नाही, अ‍ॅबाटासेप्टचा धोकाही कमी. पायराझिनामाइड संपल्यावर यकृत नीट असेल तर देखरेखीखाली मेथोट्रेक्सेट परत आणता येतं. एवढं करून भागलं नाही तर कोर्स संपल्यावर इटॅनरसेप्ट. अ‍ॅडालिमुमॅबकडे परत जाणं मी टाळेन.

टोसिलिझुमॅब या आणखी एका बायोलॉजिकबद्दल इशारा: ते सीआरपी खाली दाबून ठेवतं आणि तापही झाकतं. टीबी परत उठला तर आपल्याला सावध करणाऱ्या दोन्ही खुणा गेलेल्या असतात.

श्वासमार्ग

मोजमाप नाही हा मुद्दा मान्य. मग एमआरआय? गळू आटतंय, हाडातली सूज कमी होतेय हे तर दिसतं. आणि रितुक्सिमॅब आधी द्यायचं ठरलं तर त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवी, टीबीच्या औषधांत यकृत आधीच नाजूक असतं.

संधिवैद्य

हिपॅटायटिसचं अगदी बरोबर. एमआरआय उपयोगी आहे, पण तो मागे राहतो. जंतू मेल्यावरही कित्येक महिने सूज दाखवत राहतो.

जुनी_पानं

या दोन आजारांची गाठ औषधांच्या इतिहासातही पडते. रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये सोन्याच्या क्षारांनी टीबीचा जंतू प्रयोगशाळेत रोखला जातो असं सांगितलं. आमवातही टीबीसारख्याच संसर्गातून येतो अशी पुढे समजूत होती, म्हणून फ्रान्सच्या झाक फोरेस्तिए यांनी सोन्याची इंजेक्शनं आमवाताला देऊन बघितली आणि १९२९ मध्ये गुण येतो असं मांडलं. समजूत खोटी ठरली, औषध मात्र कित्येक दशकं वापरात राहिलं. सल्फासॅलाझिनही स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी संसर्गाच्याच कल्पनेतून घडवलं. तेच आज टीबीच्या काळात आमवाताला देता येण्याजोगं औषध ठरतंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

हालचाल

फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, व्यायामाच्या बाबतीत आईंच्या गुडघ्याला आणि हातांना एकच सूचना देऊ नका. टीबीच्या सांध्याला सुरुवातीला विश्रांती लागते. ठणका जाईपर्यंत तो पट्टीत, कामाला येईल अशा स्थितीत ठेवतात आणि वजन टाकू देत नाहीत. मांडीचा स्नायू पाय न हलवता आवळण्याचा व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून चालतो. ठणका ओसरला की हळूहळू वाकवणं सुरू. आमवाताचे सांधे उलट रोज त्यांच्या पूर्ण टप्प्यातून फिरले पाहिजेत. कुबडी किंवा वॉकर देताना सुजलेल्या मनगटांवर भार येतो, म्हणून कोपरापासून हात टेकवता येईल अशी कुबडी मागून घ्या.

खिडकी

रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू निघाला तर?

श्वासमार्ग

मग औषधांचा संच बदलतो आणि आमवाताचं गणितही. बेडाक्विलिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, क्लोफाझिमिन ही हृदयाच्या ईसीजीतला क्यूटी कालावधी लांबवतात, एचसीक्यूही लांबवतं; तो फार लांबला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तेव्हा एचसीक्यू चालू ठेवायचं की नाही हे ईसीजी बघून ठरतं. मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि स्टिरॉइड एकत्र असतील तर टाचेमागचा स्नायुबंध दुखावण्याची शक्यता वाढते. लिनेझोलिडने रक्त घटतं आणि नसा दुखावतात. फुप्फुसाच्या प्रतिरोधक टीबीसाठी आलेली सहा महिन्यांची नवी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने हाडा-सांध्यांच्या टीबीसाठी सुचवलेली नाही, तिथे जास्त काळाचाच उपचार लागतो. रिफॅम्पिसिन नसल्यामुळे स्टिरॉइड दुप्पट करण्याचा प्रश्नही उरत नाही.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही डॉक्टरांना एकच वही दिली. प्रेडनिसोलोन वाढवलंय, सल्फासॅलाझिनही सुरू झालंय आणि आईची सकाळ आता पुष्कळ सुसह्य आहे. पण मधेच एक घाबरवणारी गोष्ट झाली. चांगला उतरलेला गुडघा पुन्हा फुगला, बारीक तापही आला. कल्चरमध्ये जंतू सगळ्या औषधांना दाद देणारा निघाला होता, गोळी एकही चुकलेली नाही. औषधं हरली का?

संधिवैद्य

बहुधा नाही. टीएनएफरोधक थांबवल्यावर दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती परत जागी होते आणि मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवरही तुटून पडते. त्यामुळे टीबी बरा होत असताना सूज, ताप, गळू वाढलेलं दिसू शकतं. अ‍ॅडालिमुमॅबचं अर्धायुष्य सुमारे दोन आठवडे आहे, म्हणून हे इंजेक्शन थांबवल्यावर लगेच न होता काही आठवड्यांनी, महिन्यांनी होतं. यात टीबीची औषधं बदलत नाहीत. स्टिरॉइड काही काळ वाढवून हळूहळू उतरवतात. मात्र हे निदान बाकीचं सगळं वगळल्यावरच करायचं. सांध्यातलं पाणी पुन्हा काढून कल्चरला पाठवा, साध्या पू करणाऱ्या जंतूंसाठीसुद्धा. आमवाताच्या रुग्णात, त्यातही स्टिरॉइडवर असलेल्यात, त्यांचा शिरकाव झाला तर सांधा काही दिवसांत जातो.

शेवंती

पाणी काढलं. साधे जंतू नाहीत, टीबीचं कल्चर लावलंय. स्टिरॉइड थोडं वाढवल्यावर ताप गेला, सूजही उतरतेय. एक्स-रेवर गुडघ्याची कूर्चा बरीच गेलेली दिसते. पुढे सांधा बदलता येईल का? टीबी झालेल्या गुडघ्यात बसवत नाहीत असं कुणीतरी सांगितलं.

अस्थिबंध

बसवतात. टीबी पूर्ण शांत झालेला असला, कोर्स पुरा झाला असला आणि काही काळ सूज, ताप, स्राव यातलं काही नसलं, तर टीबीने खराब झालेल्या गुडघ्यात कृत्रिम सांधा चांगला चालतो. शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेला अस्तराचा भाग परत कल्चरला पाठवतात आणि कित्येक शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या आगेमागे टीबीची औषधं पुन्हा देतात. आमवाताची गोळी-इंजेक्शनं कोणती किती दिवस आधी थांबवायची ते तेव्हा दोघांनी मिळून ठरवायचं. एचसीक्यू, सल्फासॅलाझिन आणि मेथोट्रेक्सेट सहसा चालूच ठेवतात, बायोलॉजिक मात्र आधी थांबवतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आमवात किती जुना आहे ते सांगा आणि मानेचा एक्स-रे मान वाकवून आणि ताठ ठेवून असा दोन्ही प्रकारे काढून घ्या. घशात नळी घालताना मान मागे करतात, तेव्हा वरचे मणके सैल असतील तर धोका असतो.